तेरचे वस्तुसंग्रहालय : मातीत उरलेला तगर नगरीचा संसार

महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. वारकरी संप्रदायातील भाविकांना हे गाव संत गोरा कुंभार यांचे, म्हणजेच गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. प्राचीन इतिहासाचे अभ्यासक मात्र या गावाला ‘तगर’ या जुन्या नावाने ओळखतात. दोन हजार वर्षांपूर्वी या नगरीतील कापड भडोचच्या बंदरातून रोमन साम्राज्यात जात असे. त्या नगरीच्या वैभवाची साक्ष देणारा राजवाडा अथवा किल्ला आज तेरमध्ये उभा नाही. आहेत ती काही जुनी मंदिरे, गावाभोवतीच्या पांढऱ्या मातीच्या टेकड्या आणि एक शासकीय वस्तुसंग्रहालय.

हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. मात्र त्याला नाव दिले आहे ते तेरचेच रहिवासी असलेल्या कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचे. विसाव्या शतकाच्या मध्यास लामतुरे यांनी गावाच्या परिसरात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू जमवल्या आणि जपून ठेवल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या संग्रहात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. एवढ्या लहान गावातील संग्रहालयाच्या दृष्टीने ही संख्या थक्क करणारी आहे. परंतु या संग्रहाचे खरे महत्त्व संख्येत नाही. यातील बहुतेक वस्तू सामान्य माणसांच्या घरातील आहेत. मणी, बांगड्या, बाहुल्या, दिवे, पाय घासण्याच्या वज्री, साचे, मुद्रा अशा वस्तूंना राजांच्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही.

तगर म्हणजेच तेर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव मात्र अज्ञात आहे. बारीगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर आहे, अशी नोंद त्याने केली आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल व इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून बंदरापर्यंत आणला जाई, असेही तो सांगतो. पुढे टॉलेमीच्या भूगोलविषयक ग्रंथातही तगरचा उल्लेख येतो. कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे तर मध्ययुगापर्यंत आपल्या बिरुदांत तगरपुराचे नाव अभिमानाने मिरवत होते. तगर हे त्यांच्या घराण्याचे मूळ स्थान मानले जात होते.

नाव टिकले, पण ठिकाणाचा विसर पडला. एकोणिसाव्या शतकात तगरचा शोध घेणाऱ्या विद्वानांनी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी वेगवेगळी ठिकाणे सुचवली. धारूरचा तर्क डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा होता. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे समीकरण मांडले आणि ते सर्वमान्य झाले. पैठणपासून तेर हे सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. बैलगाडीच्या गतीने दहा दिवसांचा हिशेब जुळतो. दिशा मात्र नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याची एवढी चूक क्षम्य मानावी लागेल.

फ्लीट यांच्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी येथील मंदिरांची पाहणी केली. हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्रत्यक्ष उत्खनन होण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

काळी आणि पांढरी

तेरचे संग्रहालय समजून घ्यायचे असेल तर तेथील टेकड्या आधी समजून घ्याव्या लागतात. मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जातात. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणण्याचे कारण तिच्या रंगात आहे. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, हाडे, शेण, खापरे यांचे थरावर थर साचतात. जमीन उंचावते आणि तिचा रंग राखाडी-पांढरा होतो. वस्ती हलली की मागे टेकाड उरते. तेरच्या एका टेकडीचे नावच ‘बैराग पांढरी’ असे आहे. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसाहतीचे टेकाड म्हणतात, त्याची ओळख गावकऱ्यांच्या भाषेत आधीपासूनच होती.

मात्र याच मातीला आणखी दोन उपयोग होते आणि तेथे इतिहासाचे नुकसान झाले. पांढरी माती शेताला खत म्हणून चांगली समजली जाते. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांवर, म्हणजे सपाट छताच्या माळवदांवर, पाणी झिरपू नये म्हणून तीच माती पसरली जाते. परिणामी मराठवाड्यातील कित्येक जुन्या वसाहतींची टेकाडे गाडीगाडीने खणली गेली. प्राचीन नगरांचे अवशेष कोणाच्या तरी ज्वारीच्या शेतात किंवा छतावर जाऊन पडले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती फुकट मिळणारी चांगली माती होती.

माती उकरली की वस्तू उघड्या पडतात. पावसाच्या सरी पडल्यावर मणी धुऊन निघतात आणि उन्हात चमकतात. असे मणी मुलांच्या खेळण्यात जातात, दागिन्यांत ओवले जातात किंवा हातोहात विकले जातात. तेरमध्ये त्यांतील हजारो वस्तू एका माणसाने वेळीच थांबवल्या. म्हणूनच लामतुरे यांचा संग्रह इतका मोठा आणि इतका विविध आहे.

१९५८ मध्ये चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखालीही येथे काम झाले. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून सातवाहन काळाच्या अखेरीपर्यंतची वस्ती आणि विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष या कामांतून उजेडात आले. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये ‘तेर’ याच नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि येथील वस्तूंची माहिती जगभरातील अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

हस्तिदंती मूर्ती आणि पॉम्पेई

संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंतात कोरलेली एक छोटी स्त्रीमूर्ती. अंगावर भरपूर अलंकार, कमरेला रुंद मेखला, हातांत बांगड्यांची रांग असे तिचे रूप आहे. तिची कीर्ती इटलीतील एका शोधामुळे वाढली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि तेच नाव रूढ झाले. अनेक अभ्यासक आता तिला यक्षी मानतात. तिच्या डोक्यात वरून पाडलेले छिद्र आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असावी, असे तर्क केले गेले.

ही मूर्ती भारतात नेमकी कोठे घडली? आरंभी मथुरेचे नाव घेतले गेले. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात मिळालेला अशाच धाटणीचा तुकडा समोर आल्यावर पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये तयार झाली असावी, हे मत बळावले. दुसऱ्या बाजूने, पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील खूण आहे आणि ही लिपी प्रामुख्याने वायव्य भारतात वापरली जात होती. त्यामुळे वाद पूर्णपणे मिटलेला नाही. ‘तेरची मूर्ती पॉम्पेईत सापडली’ असे वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकांत खपून जाते, पण पुराव्यावरून इतकेच म्हणता येते की दोन्ही ठिकाणच्या मूर्ती एकाच कलापरंपरेतील बहिणी शोभतात. इसवी सन ७९ ही तारीख पक्की असल्याने तेरच्या मूर्तीचा काळ ठरवण्यास मात्र तिची मोठी मदत झाली.

रोमन जगाशी आलेल्या संबंधाची आणखी एक खूण आकाराने लहान, पण अधिक बोलकी आहे. रोमन नाण्यांवरील चित्रांचे ठसे मातीत उठवून केलेली पदके तेरप्रमाणेच दख्खनमधील इतर अनेक स्थळीही मिळाली आहेत. त्यांना दोरा ओवण्यासाठी छिद्र किंवा कडी असते. सोन्याचे रोमन नाणे गळ्यात घालण्याची ऐपत ज्यांना नव्हती, त्यांनी मातीचे पदक घातले असावे. परदेशी वस्तूची स्वस्त नक्कल करण्याची हौस आजचीच आहे, असे समजण्याचे कारण नाही.

बाहुल्या, वज्री आणि न दिसणारे कापड

प्रसिद्ध मूर्तीपाशी गर्दी करून पाहुणे पुढे निघून जातात, असे सर्वच संग्रहालयांत होते. तेरमध्ये तसे करू नये. येथे अधिक वेळ द्यावा तो पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांना. केओलिन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीपासून या मूर्ती बनवल्या जात. पुढच्या आणि मागच्या भागाचे दोन वेगळे साचे असत. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबून ते अर्धे भाग जोडले जात. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ आणि वजनाला हलकी होई, आणि भाजताना ती तडकण्याचा धोका कमी राही. पैठण, नेवासे, भोकरदन तसेच तेलंगणातील कोंडापूर येथेही अशाच मूर्ती मिळाल्या आहेत. म्हणजे एकाच पद्धतीचे काम करणारे कारागीर, किंवा निदान त्यांचे साचे आणि त्यांचा माल, या सर्व नगरांत फिरत होता.

त्यांतील स्त्रियांच्या केशरचना मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. सातवाहनकालीन स्त्रीपुरुष केस कसे बांधत, कानात काय घालत, याची जी माहिती अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत किंवा कार्ल्याच्या शिल्पांत राजे व दाते यांच्या रूपाने दिसते, तीच येथे बाजारात विकल्या जाणाऱ्या स्वस्त बाहुलीत दिसते. काही मूर्ती पूजेच्या होत्या. शिर नसलेली, उताणी बसलेली मातृदेवता, जिला आज लज्जागौरी म्हणतात, ती त्यांपैकीच एक. काही निव्वळ खेळणी असावीत. देव कोणता आणि खेळणे कोणते, हे दर वेळी सांगता येत नाही.

पाय घासण्याच्या भाजक्या मातीच्या वज्री सातवाहनकालीन वसाहतींत सर्रास सापडतात. खडबडीत पृष्ठभागाची ही वस्तू आजही ग्रामीण घरांतील न्हाणीघरात आढळते आणि तिला वज्री हेच नाव आहे. शंखाच्या बांगड्या पाहताना तेर समुद्रापासून किती दूर आहे, याचा विचार करावा. तेथपर्यंत शंख यायचा म्हणजे घाट चढूनच यायचा. पेरिप्लसचा लेखक समुद्रकिनाऱ्याकडील माल तगरला येत असल्याचे लिहितो, त्याला अशा बांगड्या आधार देतात.

आणि ज्या कापडासाठी तगर प्रसिद्ध होते ते? ते संग्रहालयात नाही, असूही शकत नाही. दख्खनच्या मातीत सुती कापड दोन हजार वर्षे टिकत नाही. इतर प्राचीन स्थळांप्रमाणे सूतकताईच्या चातीला लावायच्या मातीच्या चकत्यांसारख्या वस्तूंवरूनच विणकरांचा अंदाज बांधावा लागतो. नगरीच्या संपत्तीचा मुख्य आधार जो होता तोच नाहीसा झाला आणि खापरे उरली. संग्रहालयात जे दिसते त्यावरून त्या काळाचे चित्र मनात उभे करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

लाकडाचे नशीब काहीसे बरे निघाले. गावातील उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची कोरीव लाकडी दारचौकट या संग्रहालयात जतन केलेली आहे. ती सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. भारतात इतके जुने कोरीव लाकूड फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. पाऊस, वाळवी आणि आग या तिन्हींतून ते कसे वाचले, हे नवलच आहे.

‘सातवाहनकालीन’ म्हणजे काय?

अशा संग्रहालयात वस्तूखाली ‘सातवाहनकालीन’ अशी पाटी असते. ही पाटी कशाच्या आधारे लिहिली जाते, हा प्रश्न प्रेक्षकाने विचारावा. उत्खननात मिळालेल्या वस्तूचा थर माहीत असतो. तिच्या वर काय होते, खाली काय होते, शेजारी कोणते नाणे किंवा कोणती खापरे होती, याची नोंद असते. वस्तू एकाकी नसते. शेतात, ओढ्याकाठी किंवा खणलेल्या मातीच्या ढिगात सापडलेल्या वस्तूबाबत यांतले काहीच ज्ञात नसते. तिचा काळ मग अन्य ठिकाणच्या सारख्या वस्तूंशी तुलना करून ठरवतात. तेरमधील लामतुरे संग्रहाचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे.

त्यामुळे या संग्रहाविषयी अभ्यासकांच्या मनात कृतज्ञता आणि हळहळ या दोन्ही भावना असतात. वस्तू आहेत, पण त्या कोणत्या घरातल्या, मण्यांचे कारागीर गावाच्या कोणत्या भागात बसत, एखादी बाहुली देव्हाऱ्यात होती की उकिरड्यावर, हे कायमचे हरवले आहे. माझ्या मते यात संग्राहकाला बोल लावता येत नाही. माती तर खणली जाणारच होती. त्याने वस्तू उचलल्या नसत्या तर थरही गेला असता आणि वस्तूही. शिवाय त्या गावातच राहिल्या. मुंबई, हैदराबाद किंवा लंडनच्या कपाटात त्या ‘दख्खन’ एवढ्याच नावाने पडून राहिल्या असत्या. येथे ज्या मातीतून त्या आल्या ती माती दोन-चार मिनिटांच्या चालीवर दिसते.

कुंभाराच्या गावात

संग्रहालय पाहून झाल्यावर त्रिविक्रम मंदिर पाहणे इष्ट. विटांचे, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आणि हत्तीच्या पाठीसारख्या छताचे हे बांधकाम मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पुढचा मंडप नंतरचा आहे. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, पण विटांनी बांधलेले आणि छतासह उभे असलेले असे बांधकाम देशात दुर्मीळ आहे. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे त्याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. जैन परंपरेतही तेरला स्थान आहे. ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि तेथील लेणी यांची कथा येते. बौद्ध, जैन, वैष्णव आणि शैव या सर्वांनी तेरच्या मातीवर आपापल्या खुणा ठेवल्या आहेत.

त्यानंतर नदीकाठी गोरोबाकाकांचे मंदिर आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील हे संत व्यवसायाने कुंभार होते. ज्ञानेश्वर, नामदेव यांच्या काळातील संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता त्यांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून मडके पक्के की कच्चे याची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि त्या निमित्ताने तेरला यात्रा भरते. सातवाहन काळातील बाहुल्या घडवणारे हात आणि गोरोबांचे हात यांत हजार वर्षांचे अंतर आहे. त्यांचा थेट संबंध जोडण्यास कोणताही पुरावा नाही. तरी माती तुडवणे, साचा दाबणे, भट्टी लावणे या क्रिया समजून घेऊन संग्रहालयातील खापरांकडे पाहिले, तर ती अधिक कळतात.

मणी सापडला तर

तेरच्या टेकड्यांवर फिरताना आजही पायाखाली खापरे दिसतात. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे माहीत असणे उपयोगाचे आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती सापडलेल्या व्यक्तीने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा १९७६ मध्ये अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही सर्वसाधारणपणे पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी आवश्यक असते, परवान्याविना त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

व्यवहारात पाहुण्याने एवढे करावे. वस्तू उचलू नये. तिचे जागेवरच छायाचित्र घ्यावे, जवळचे झाड, बांध किंवा वाट त्यात दिसेल असे पाहावे आणि संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना ती जागा दाखवावी. पावसाने किंवा नांगराने वस्तू आधीच उघडी पडली असेल, तरी ती कोठे सापडली ही नोंद वस्तूइतकीच मोलाची असते. लामतुरे यांच्या काळात ती नोंद ठेवण्याचे साधन फारसे कोणाजवळ नव्हते. आज ते बहुतेकांच्या खिशात असते.